वारा कोणी अंगावर घ्यायचा

बेल्जियममधल्या दाम गावाजवळच्या कालव्यावर नावेची वाट बघत आम्ही सायकली धरून उभे होतो. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं, ब्रुग शहरात घरी निघालेलं. वारा समोरून, ब्रुगकडूनच येत होता.

"फिर्मिन, पलीकडे गेल्यावर पुढे मी," म्हातारी म्हणाली.

"छे! पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, मागच्याने आडोशाला यायचं. लग्नापासून पुढे मीच आहे."

"लग्नात तुझ्या छातीवर टाके नव्हते."

"डॉक्टरच म्हणाले, सायकल चालवा."

"हळू चालवा म्हणाले. माझ्या सायकलला मोटर आहे, तुझ्या नाही."

"मोटर म्हाताऱ्यांना लागते."

"म्हणजे मी म्हातारी?"

"तसं नाही गं, डेनीझ. पण बायकोच्या आडोशाने घरी आलो, तर सायकल क्लबातली मंडळी दात काढतील."

"काढू देत. इतकी वर्षं लांबून ब्रुगचे मनोरे तूच बघितलेस. मला दिसली ती तुझी पाठ."

"कंटाळली असशील."

"नाही रे. ती दिसायची तोवर मला भीती नसायची."

तेवढ्यात नाव आली, आम्ही सगळे पलीकडे उतरलो. तिनं आपली सायकल पुढे काढली, आणि त्यानं काढू दिली.

"मागे वळून बघत बसू नकोस. पडशील."

"मग तू येतोयस हे कळणार कसं?"

"घंटी वाजवत राहीन."

"घरापर्यंत? लोकांना वाटेल, म्हातारा बायकोकडे वाट मागतोय."

"वाटू दे."