दुखतंय पोट, फोटो छातीचा

हॅलो?… हां, सगुणाकाकी, मी प्रविण… हो, पेणलाच, हॉस्पिटलात. काका समोरच हाय, स्ट्रेचरवर… आहे गो, शुद्धीत आहे! नसता तर मला इतकं शांत उभं राहता आलं असतं काय?…

फोटो काढला. छातीचा… हो, दुखतंय पोटच… अगो ऐक ना. आतड्याला भोक पडलं तर आतली हवा बाहेर येते, वर चढते नि छातीखाली पडदा असतो त्याच्याखाली जाऊन बसते. म्हणून उभं करून काढतात… कुणी भरली नाय गो हवा, टायर हाय काय तो?… आला ना चांगला. आधी खिशातून कंगवा काढून भांग पाडला त्याने. एका हाताने पोट धरून. मी बोललो, यात चेहरा येत नाय. तर बोलतो, कुणी सांगावं…

नाय, हवा दिसली नाय… लगेच खूश नको होऊ. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं, फळीसारखं कडक. रक्तात पांढऱ्या पेशीपण वाढल्यात. त्या बोलल्या, भोक बारीक असलं तर साध्या फोटोत हवा दिसत नाय कधीकधी. म्हणून सिटी स्कॅन केला…

पेज? कुठे आणतेस पेज? नको! पाणीसुद्धा नको… मऊ असली तरी नको. भोकातून पोटभर सांडेल गो!… मीठ घालूनपण नको, मिठागरात जन्म काढला असला त्याने तरी.

हो, सिटी आलाय… काकी, तू उभी आहेस की बसलीस?… मग बस… बसलीस?… आतड्यात काटा सापडलाय… बाभळीचा नाय. माशाचा. दीड इंच. आरपार गेलाय, टोक बाहेर.

हॅलो?… हां, माहितीय मला. तुमच्या दिपिकाला नोकरी लागेपर्यंत तुम्ही दोघांनी मासे सोडलेत. देवासमोर नारळ फोडून… मी होतो ना तिथे, खोबरं मीच खाल्लं… तेच सांगितलं त्याने डॉक्टरीणबाईंना. 'मी वरणभात खातो.' त्या बोलल्या, वरणाला काटा नसतो. तर बोलतो, गेल्या वर्षीचा असेल, आता निघाला…

रडू नको गो. ऐक, ऑपरेशनला नेतायत त्याला. भोक पडून किती वेळ झाला, आत किती पसरलं, याचा अंदाज लागायला पाहिजे त्यांना. नि हा तुझ्या भीतीने कधी खाल्ला तेच सांगत नाय. जीव जाईल, पण तोंड उघडणार नाय…

कुठला मासा? ते मशीन नाय सांगत. पण मशीनवर जगन बसतो ना, तो खाडीकडचा. त्याने स्क्रीनला नाक लावून बघितलं. बोलला, जिताडा. चांगला मोठा… नाय, डॉक्टरीणबाई बोलल्या, असं रिपोर्टात लिहीत नायत.

काय?… कालवणात आंबोशी घातलेली होती का, हे काटा बघून कसं कळणार गो?… थांब. आंबोशीचं तुला कसं माहीत?…

काकी?… बोल ना… माळ्यावर? टोपात?… कुणासाठी झाकून ठेवलेलास?… म्हणजे तू पण?… हां, हां. शेजारच्या सरूने आणून दिला, मग परत कसा करायचा. बरोबर. देव पण समजून घेईल… सोमवारी दुपारी बाजाराला गेलीस, आलीस तर एक तुकडा गायब… नि तू मांजराला धोपटलंस!

सोमवारी दुपारी, नक्की?… मॅडम, सोमवारी दुपारी! घरच्या टोपातूनच!… काका, ऐकलंस ना? तिनेच लपवलेला. आता तरी बोल… हलवली गो काकी, मान हलवली त्याने. दुखायला मंगळवारी लागलं म्हणतोय, मलापण उशिरा सांगितलं. म्हणून तर डोलवीच्या कारखान्यातली शिफ्ट अर्ध्यात टाकून पळालो…

हो, सही केली त्यानेच. नेतायत बघ… थांब, काहीतरी सांगतोय तुला. दम लागतोय त्याला, मीच सांगतो… बोलतोय, सगुणाला सांग…

सांग, आंबोशी जरा कमी पडलेली.

हॅलो?… काकी?… हॅलो?

मॅडम, न्या याला लवकर आत. ती घरून, कासूवरून, निघाली इकडे.