बाबांच्या दंडावरचा चट्टा

नाही, पण हात न लावता कळणार कसं, मला सांगा ना! डॉक्टरीण बसलीय रत्नागिरीत, आमचे बाबा बसलेत मंडणगड तालुक्यात, आमच्या वाडीच्या उपकेंद्रात, नुसत्या बनियनवर, आणि मधे काय, तर नर्स तेजलताईंचा मोबाईल! पूर्वी कातडीचं काही झालं की पहाटेची एसटी धरायची, अख्खा दिवस जायचा, पण डॉक्टर बोटाने दाबून तरी बघायचा. आता? फोटो पाठवा. हात न लावता!

दंडाच्या मागे फिकट चट्टा, वर्षभर कुणाला दाखवला नाही बाबांनी. का? तर माझ्या बहिणीचं, शमिकाचं, लग्न जमवतायत. लोक भलतंच बोलतील, सोयरीक मोडेल! स्वतःचा हात गेला तरी चालेल… मोठ्या माणसांचं डोकं हे, बरं का! आणि फोटो काढायचा म्हटल्यावर आईने काय करावं? चट्ट्याला पावडर लावली! "येवढी मोठी डॉक्टरीण बघणार, बरा दिसाया नको?" अगं आई, चट्टाच दिसायला हवाय ना!

पावडर पुसून फोटो गेला, डॉक्टरांना शंका आली, म्हणून व्हिडीओ कॉल. "काका, चट्टा बधीर आहे का बघू. तुम्हाला मागचं दिसत नाही, तेव्हा कापूस टेकला की 'लागला' म्हणा." ताईंच्या हातात फोन, मग कापूस कुणी टेकवायचा? मी! कॉलेज सोडल्यापासून ह्या माणसाशी माझं धड बोलणं नाही, हात कसला लावतोय! म्हणजे डॉक्टर हात न लावता, आणि मी…

टेकवला. "लागला," बाबा. परत टेकवला. "लागला." मला नवल वाटलं, मग बधीर कुठेय? तेवढ्यात फोन अडकला. चित्र जागच्या जागी. मी कापूस उचलून बाजूला उभा, आणि बाबा? "लागतोय… लागतोय… बास कर मेल्या, गुदगुल्या होतायत!"

बघतो तर काय, नजर फोनवर! कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत स्वतःचाच दंड आणि त्यावर अडकलेला कापूस बघून उत्तरं देतोय माणूस! दहावीच्या परीक्षेला मीही एवढी कॉपी केली नव्हती!

फोन परत चालू झाला तसं डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, आता डोळे मिटा."

टेकवला. गप्प. परत टेकवला. गप्प. शेवटी मीच विचारलं, "बाबा, लागला?"

"अरे, तू अजून लावलास कुठे?"

…कापूस अजून चट्ट्यावरच धरलेला होता हो मी.

डॉक्टर म्हणाल्या, "कुष्ठरोग असू शकतो. घाबरू नका, औषध फुकट मिळतं, पूर्ण बरा होतो. पण मला हात लावूनच बघावं लागेल, इकडे या. आणि घरातल्या सगळ्यांना आणा, त्यांनाही तपासायचंय."

घ्या! म्हणजे एसटी चुकली नाहीच, फक्त तिकिटं वाढली!

घरी आल्यावर बाबांचा हुकूम, "वाडीत कुणी विचारला, तर सांगायचा, शमिकासाठी मुलगा बघाया चाललोय." सांगितलं. काय करणार? आता शेजारच्या नंदाकाकी आणि जनीआजी ठेवणीतली लुगडी नेसून आमच्या पडवीत बसल्यात… मुलगा बघायला आम्हीपण येतो म्हणून!