धुरक्याचा रंग

पंचफुला : हा बैल नाही, चंपाचे बाबा. हा चितळ होय.

देवराव : गप बस वं.

पंचफुला : गप कशी बसू? पाठीवर पहा, ठिपकेच ठिपके. तान्ह्या पोळ्यात चंपा हा लाकडी बैल घेऊन पोराइच्यात उभी राहिली, तं सारं सेक्टर म्हणीन, देवराव फिटरानं जंगलातून हरीण धरून आणलं.

देवराव : रंगाची चूक नाही. या रंग उडवायच्या फुंकणीची बी नाही. दुर्गचा फोटोवाला याच फुंकणीनं फोटोतले गाल गुळगुळीत करे.

पंचफुला : मंग आपल्याच बैलाले देवी कावून आल्या?

देवराव : त्याच्यापाशी हवेची टाकी होती. ती त्यानं ठेवून घेतली. मले फुंकणी अन् हा बारका कंप्रेसर देला. आता आवाज आयक याचा. फट, फट, फट. एक धक्का हवा, मंग काहीच नाही, मंग पुन्हा धक्का. रंग बी तसाच थुंकल्यासारखा उडते.

रामाजी : सूनबाई, सकाळची गाडी कव्हा हाये तुमसरले जाची?

पंचफुला : मामाजी, कालच तं आले तुमी! या ना, आत येऊन बसा. व्हरांड्यात कावून बसले?

रामाजी : इथंच बरा हावो मी. आत त्या रंगाचा वास सहन होत नाई. गावात बसवत नव्हतं म्हनून आलो. सारं गाव बैल धुवाले नदीवर, अन् माह्या गोठ्यात नुसती दावन. इथं येऊन पाह्यतो, तं पोरगा लाकडाच्या ओंडक्यावर फुसफुस करून राह्यला.

देवराव : ओंडका नाही, बाबा. आपला धुरक्या होय तो.

रामाजी : त्याचं नाव घेऊ नोको. तू लोखंड वितळवाले भिलाईले आला. मी एकट्यानं जोडी कशी राखतो? इकून दुसऱ्याच्या हाती दावं देलं, तव्हा त्यानं मान मुरडून मागं पाह्यलं. तू नव्हता तिथं. मी होतो. आज खांद शेकाचा दिवस, बैलाले उद्याच्या पोळ्याचं आवतन द्याचा. तूप-हळद लावाले खांदा पायजे, खांदा! लाकडाले मी आवतन देनार नाई. सांगून ठेवतो.

पंचफुला : आयकलं? हळू बोलते मी. दिवाबत्तीच्या आत हा बैल बैलासारखा दिसला तं ठीक. नाही तं मामाजी सकाळच्या गाडीनं गेले समजा. अन् असे गेले, तं पुन्हा या घराची पायरी चढणार नाही.

देवराव : मले का समजत नाही? म्हणूनच तं पावर हाउसच्या बाजारात भैयालाल कबाड्याच्या भंगारातून हे आणलं. उचल.

पंचफुला : बापा! केवढं जड. हे का होय?

देवराव : डंपरच्या ब्रेकची हवेची टाकी. कंप्रेसरनं याच्यात हवा भरायची, अन् फुंकणीनं याच्यातून घ्यायची. कंप्रेसर कितीबी धक्के मारो, ते या पोटात जिरते. बाहेर निघते ती एकसारखी.

पंचफुला : फुटली म्हंजे?

देवराव : आधी पाणी गच्च भरून दाब देऊन पाह्यला, भैयालालच्याच दुकानात. प्लांटमधी नवी टाकी तशीच तपासते. पाण्यानं टाकी फाटली तं नुसतं पाणी सांडते. हवेनं फाटली तं भिंत घेऊन जाते. आपल्याले लागते त्याच्या दुप्पट दाब दिला, थेंब नाही निघाला.

पंचफुला : मंग जोडा झटपट.

देवराव : जोडली. बाजूनं हवा आत, खालच्या तोटीतून बाहेर. वरच्या तोंडाले बूच. आता साबणाचा फेस आण, जोडाजोडावर लाव. फुगा निघाला का सांग.

पंचफुला : इथं नाही... इथंबी नाही... हां, इथं निघाला! माशीच्या डोळ्याएवढा.

देवराव : अजून एक आटा कसतो. आता?

पंचफुला : बंद.

देवराव : काटा पहा, चढून राहिला. बस. आता या पत्र्यावर मारून दाखवतो.

(फुंकणीतून सूंऽऽ असा एकसारखा आवाज निघतो.)

पंचफुला : अवो! हे तं कढईच्या बुडाले काजळी धरते तसं दिसून राहिलं. कुठं सुरू झालं, कुठं सरलं, समजतच नाही!

देवराव : आण तो बैल. ठिपके टर्पेंटाइननं पुसून काढले ना? वशिंडापासून घेतो. पहा आता... पहा...

पंचफुला : वा वा वा!... अवो, थांबा! थांबा! पाणी उडालं!

देवराव : अरे यार! ये क्या हो गया?

रामाजी : का झालं? दाखव मले. हं. तुहा बैल रडून राह्यला, देवराव. पाठीवरून आसवं गळून राह्यले.

पंचफुला : मामाजी, जरा दम धरा ना.

रामाजी : मी कोठं का म्हनतो? मी पिशवी भरून ठेवतो.

देवराव : पाणी आलं कुठून? तपासल्यावर उपडी घालून वाळवली होती मी टाकी. उन्हात.

पंचफुला : कपडे वाळतात का या दिवसात? मीठ डब्यात पाझरून राहिलं. हवेतच पाणी आहे सारं. तुमची टाकी हवा पिते तं पाणीबी पितच असन.

देवराव : बरोबर. हवा दाबली का पाणी सुटते. पण सुटलं तरी फुंकणीत कावून यावं?

पंचफुला : तोटी खाली कावून लावली?

देवराव : टाकीची तोटी खालीच असते. गच्चीवरची टाकी पाह्यली नाही कधी?

पंचफुला : ती पाण्याची. तिच्यातून पाणीच पायजे म्हणून तोटी खाली. याच्यातून तुमाले पाणी पायजे का हवा? गढूळ पाणी भरलं का मी घागरीच्या बुडातून घेते का? गाळ खाली बसू देते, वरचं निवळ घेते. इथं पाणीच गाळ आहे. टाकी उलटी करा ना.

देवराव : दिवसभर पाइप जोडतो मी. हवेच्या लाइनमधलं पाणी खालून काढतो. अन् घरी येऊन...

पंचफुला : रडणं मंग करा. वरचं बूच आता खाली येते. ते ढिलं केलं का पाणी निघीन. बरोबर ना?

देवराव : बरोबर. बुचाले हात लावू नको पण! आधी हवा सोडू दे सारी... हां. पलटव. धर त्या बाजूनं. आता भरतो. आता बूच थोडंसं, एवढंसंच ढिलं करतो. पहा!

पंचफुला : हे पहा पाणी! चूळ भरून थुंकल्यासारखं! मामाजी, पिशवी ठेवा, इकडं या!

देवराव : ठिपके पुसले. पुन्हा वशिंडापासून. कोणी बोलू नका.

(फुंकणीतून पुन्हा तोच एकसारखा सूंऽऽ आवाज.)

देवराव : आली का छटा एकसारखी? आली ना?

पंचफुला : आली! अवो, आली! लाकूड दिसतच नाही आता. केस असल्यासारखी कातडी वाटते. हात लावू वाटते!

देवराव : खबरदार! ओलं आहे.

रामाजी : तेथं येवढा काळा नोको.

देवराव : कुठं, बाबा?

रामाजी : पोटावर. वशिंडावर गच्च धूर होता त्याचा. खाली येता येता इरून जाय. पोट दुधासारखं. मांगं घे हात. आनखी मांगं. हां. उतरू दे असाच.

पंचफुला : मामाजी, वास सहन होत नव्हता ना?

रामाजी : तू गप वं पोरी. देवराव, गळ्याखाली लोंबे ते तसंच पांढरं ठेवशीन काय?

देवराव : तिथं कडेकडेनं होता. सांजच्याले धूळ बसल्यासारखा.

रामाजी : ध्यान हाये तुले?

देवराव : त्याच्या गळ्याले टेकून झोपत होतो मी, बाबा.

रामाजी : हं... अन् खांदा कोरा कावून सोडला? सात हंगाम जू वाह्यलं त्यानं. घट्टा कोठं गेला?

देवराव : शेवटी ठेवला होता. असा?

रामाजी : मोठा होता.

देवराव : असा?

रामाजी : बस. बस कर. आता हात नोको लावू त्याले.

पंचफुला : दिवे लागले समोरच्या लाइनीत. चंपा येईन आता खेळून. पाहीन तं नाचीन!

देवराव : बाबा, गाडी सकाळी आठच्या आसपास असते. दुर्गच्या टेसनापर्यंत सायकलनं पोचवून देतो.

रामाजी : तुले कोनं इचारलं गाडीचं? सूनबाई, तूप हाये का घरात?

पंचफुला : आहे. हळदबी आहे.

रामाजी : कोमट कर जरा. पळसाचं पान नसन इथं. वाटीतच आन.

देवराव : पण बाबा, रंग ओला आहे अजून. सकाळपर्यंत वाळीन.

रामाजी : दिसते मले. घट्ट्यावर बोटभर उंच धरतो हात. त्याले गुदगुल्या होत, तसाबी तो दाबून लावू देत नोहता... आन ती वाटी इकडं. सरका दोघंबी. आज आवतन घे, धुरक्या. उद्या जेवाले ये. देवरावच्या घरी.