बांधावरची दुपारची झोप

पक्ष्यांच्या जागा कशा शोधायच्या, असे तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. पनवेलहून निघण्याआधी मी सर्वप्रथम भरतीची वेळ पाहतो. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला, की चिखलात किडे टिपणारे तुतवार पक्षी मिठागरांच्या बांधांवर विसावायला येतात. एम.एस्सी.च्या शेवटच्या हिवाळ्यात, बऱ्याच शोधानंतर, जासईजवळ असा एक बांध मला सापडला. पाणी आणि आकाश एकाच फिकट रंगाचे झाले होते, आणि चोची पंखांत खुपसून, एका पायावर उभे राहिलेले शेकडो पक्षी जणू त्या रंगातच झोपले होते.

मी कॅमेरा लावतो न लावतो, तोच मागून एक जोडपे आले. लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला. त्यांचा फोटोग्राफर म्हणाला, "नवरदेव, जोरात टाळी वाजवा. पाखरं उडाली की मागे एकदम भारी दिसतील."

एकदा उडालेला थवा त्या भरतीत बहुधा परतला नसता. मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो, "कृपया उठवू नका. ते दमलेले असतात."

"पाखरंच हायत ना, दादा," म्हणत नवरदेवाने हात उचललेही.

तेवढ्यात होणारी नवरी हलकेच म्हणाली, "लग्नानंतर मी दुपारची जरा आडवी झाले, तर मलापण असाच टाळी वाजवून उठवशील?"

"नाय गो."

"आणि तुझी आई उठवेल मला?"

त्याने क्षणभर बांधाकडे पाहिले, दोन्ही हात खिशात घातले आणि फोटोग्राफरला दबक्या आवाजात म्हणाला, "पाखरं झोपलेलीच घे."