ताईच्या सोलोवरचा इको

कँट स्टेशनच्या रिझर्वेशनच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते. बनारसमध्ये मराठी कानावर पडलं, की मी निर्लज्जपणे ऐकतो.

“ताई, कॅसेट ऐकलीस?”

“ऐकली. माझी सतार विहिरीत पडल्यासारखी वाटते रे, विशू.”

“विहीर नाही, इको आहे. त्याच्याशिवाय ती कीबोर्डखाली दबते. आता बघ, सोलो कसा एकदम पुढे येतो!”

“मला नको. काढ तो.”

“काढतो. तशीही एक गडबड झालीय. तुझ्या माइकमध्ये अण्णांचा आवाज आलाय.”

“अण्णा तर माझ्या मागे तंबोऱ्यावर होते. बोलले कधी?”

“सोलोमध्ये तू ती लांब मींड घेतलीस ना, तेव्हा हळूच ‘वाह’ म्हणाले.”

“कुणाला?”

“तुला गं! सोलो तुझाच चालू होता ना?”

“अण्णा? मला?”

“हो. आणि इकोमुळे ते तीनदा ऐकू येतं. वाह, वाह, वाह. एकेक हळू होत विरून जातं.”

“तीनदा?”

“तीनदा. काळजी करू नकोस, आज संध्याकाळी पुसून टाकतो.”

“नको.”

“काय नको?”

“पुसू नकोस. इकोपण राहू दे.”

“अगं, आत्ताच विहीर म्हणालीस! थांब, अण्णांनाच विचारू.”

“त्यांना बिलकुल विचारू नकोस, विशू. ते म्हणतील, तबलेवाल्याला म्हणालो होतो.”