स्टुलावरचा तांब्या

– नाही, टाकी हीच. फोटोत भरलेली दिसते कारण फोटो एप्रिलमधला आहे. आता सातच कोळंब्या आहेत, त्या टाकीबरोबर फुकट, जाहिरातीत लिहिलंय तसं. बसा. आमचे हे दूध आणायला गेलेत, येतील पंधरा मिनिटांत. खराडीहून रजा टाकून आलात? कोळंबीसाठी कुणी रजा घालवतं का. घेण्यासारखं त्यात काही नाही, मी आपली आधीच सांगते. खायची नाही ही, नखाएवढी असते – शेजारच्या मैनाबाई सहा वर्षं विचारतायत, आमटी कधी करणार म्हणून. आणि पाळायला अवघड. पाणी तापलं की मरते, पाणी एकदम बदललं की मरते, डासांचं औषध फवारलं की मरते. सहा वर्षं आम्ही मच्छरदाणीत झोपतोय. तुमचं लग्न झालंय? नाही ना – मग मुलगी बघायला जाल तेव्हा हे आधी सांगा.

हौस ह्यांची. टेलिफोन खात्यातून रिटायर झाले आणि निकितानं – आमची मुलगी, तुमच्यासारखीच कंप्युटरवाली, हा मांजरी भागातला फ्लॅटही तिनंच घेतला – तिनं दहा कोळंब्या आणून दिल्या, बाबांचा वेळ जाईल म्हणून. गेला. माझाही गेला. रोज सकाळी भिंग घेऊन टाकीपुढे बसायचे आणि फिकट रंगाच्या वेचून बरणीत काढायचे. का? कारण फिकट राहिल्या की पिलं फिकट, आणि काही पिढ्यांत सगळी मातकट. असं वेचून वेचून शेवटी रंग आला, पिकल्या मिरचीसारखा, आरपार दिसणार नाही असा पक्का. चारशेच्या वर होत्या म्हणायचे.

मग काय झालं? – टँकरचं पाणी. ह्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन पानी पत्रही दिलं, ते आता लिफ्टमध्ये आमच्याकडे बघत नाहीत. – दुसऱ्या कुणाच्या मेल्या का? दुसऱ्या कुणाकडे कोळंब्या नाहीत, मासे आहेत. नाही, माशांना काही झालं नाही. तुम्ही फार प्रश्न विचारता हो. ऑफिसात काय काम करता? – टेस्टिंग. वाटलंच.

बरं, ऐका. मेमध्ये हे दोन दिवस साताऱ्याला शकूवन्संकडे गेले होते. टाकीतलं पाणी चार बोटं उतरलेलं. ड्रममध्ये ह्यांनी साठवलेलं पाणी होतं, पण त्यावर धूळ – मी म्हटलं, असलं शिळं पाणी मुक्या जिवांना कशाला? तांब्याच्या हंड्यातलं घातलं. हंडा त्याच दिवशी चिंच-मीठ लावून आतून-बाहेरून घासला होता, लख्ख. चाळीस वर्षं आम्ही तेच पितो, कधी पोट बिघडलं नाही. सहा तांबे ओतले, हळूहळू, प्रेमानं.

हे आले तेव्हा ह्या सात सोडून सगळ्या तळाला. शिजल्यासारख्या गुलाबी. हे दारातून सरळ टाकीपुढे, पिशवी खांद्यालाच. मी मोरीत तोंड धुवायला गेले. परत येते तर स्टुलावर विसरलेला माझा तांब्या तिथं नाही. स्वयंपाकघरात मांडणीवर होता, धुऊन, पालथा. चाळीस वर्षांत ह्या माणसानं एक भांडं जागेवर ठेवलेलं नाही. म्हणाले, टँकरचं पाणी खराब असणार, आणि लगेच पत्र लिहायला बसले. मलाही वाटलं, असेल टँकर. आठ दिवसांनी निकिता फोनवर सहज बोलून गेली, आई, तांबं म्हणजे कोळंबीला विष, बाबांना पहिल्या दिवसापासून माहितीये. मी म्हटलं, हो का. आणि फोन ठेवून मांडणीसमोर उभी राहिले.

अजून रोज सकाळी त्याच हंड्यातलं तांब्याभर पितात, माझ्यासमोर. म्हणतात, बरं वाटतं. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. ओरडले असते तर मीही चार शब्द ऐकवले असते, संपलं असतं. हे असं सांभाळून घेणं मला सोसत नाही. त्या दिवशी ह्यांनी थोडं थोडं करून सगळं पाणी बदललं, मग टाकीकडे पाठच. आणि परवा जाहिरात दिली, मला न विचारता. का? टाकी समोर राहिली की मला आठवत राहणार म्हणून. दुसरं काय.

इकडे या. वाका. ते बदामाचं पान आहे ना, त्याच्या कडेला, शेवाळात – दिसलं? राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. त्या सातांतल्या एकीच्या पोटाखाली अंडी होती, आज सकाळी फुटली. लाल आहेत, मी भिंगानं बघितलं. हे दुधाला गेले की मी बसते रोज. पाणी ड्रममधलं, स्टीलच्या फुलपात्रानं. नाही, ह्यांना माहीत नाही.

लिफ्ट आली. हेच असणार. तुम्ही म्हणा, टाकीला चीर आहे, नको – खोटं कसं बोलू म्हणता? अहो, ह्या घरात एक खोटं महिनाभर चाललंय, तुमचं दोन मिनिटं चालेल. नाही, थांबा. नकाच बोलू काही. मीच सांगते ह्यांना. आधी तांब्याचं, मग पिलांचं. पिलांचं आधी सांगितलं तर तांब्याचं राहूनच जाईल.

चहा? चहा कसला, दूध ह्यांच्या हातात आहे. जिन्यानं उतरा. आणि दार उघडंच राहू द्या.