फ्रिजवरचं पत्र

अल्बर्ट : पर्मनंट नोकरीचं पत्र आलं, आणि तू ते चार दिवस फ्रिजवर टाकून ठेवलंस?

बाथशेवा : सहा दिवस, मामा. येता-जाता दिसू नये म्हणून उलटं ठेवलं होतं.

अल्बर्ट : पण का गो?

बाथशेवा : माझ्या इन्सुलिनपायी. वेअरहाऊसमधलं काम गेलं तेव्हापासून मी वेल्फेअरवर होते, सरकारी मदतीवर. वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये मिळेल ती शिफ्ट करायची, कमी पडेल ते वेल्फेअरमधून यायचं. तेही पुरायचं नाही, पण औषधं फुकट होती. तिथेच पर्मनंट होऊन पूर्ण पगार सुरू झाला की औषधं बंद, असं किचनमधल्या सगळ्या जणी म्हणायच्या. मग पगार वाढून करायचं काय?

अल्बर्ट : मला एक फोन करायचास.

बाथशेवा : तुम्हालाच कळू द्यायचं नव्हतं. तुमच्या शायनाच्या लग्नात, मेंदीला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आपल्या घरात कुणी सरकारपुढे हात पसरला नाही. तेव्हा मला वेल्फेअर घेऊन तीन महिने झाले होते.

अल्बर्ट : मी तुझ्याबद्दल नव्हतो बोलत.

बाथशेवा : माहीत आहे. तरी ताट तसंच ठेवून मी घरी जायला ब्रॅम्पटनची बस धरली.



अल्बर्ट : म्हणून तू शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला येईनाशी झालीस. मी आपला सांगत होतो लोकांना, पोरीला काम फार. चुकलं गो माझं.

बाथशेवा : असू दे मामा. चहा घ्या, निवतोय.

अल्बर्ट : मग सही केलीस कशी?

बाथशेवा : वेल्फेअरच्या ऑफिसात माझी फाइल विजयालक्ष्मीकडे होती. नोकरी नको, हे सांगायलाच तिच्याकडे गेले. तिने माझी फाइल उघडली. मग म्हणाली, वेल्फेअर सुटलं तरी काही महिने औषधं चालू राहू शकतात, कामावरून मिळणारा औषधांचा विमा लागेपर्यंत. अर्ज तेवढा करावा लागतो. समोर बसवून फॉर्म भरून घेतला. मी घरी आले आणि अंगातला कोटही न काढता त्या पत्रावर सही केली.

अल्बर्ट : आणि विमा?

बाथशेवा : लागला. काल फार्मसीत विम्याचं नवं कार्ड दाखवलं.  काउंटरवरच्या माणसानं दोन बटणं दाबली, पिशवी हातात ठेवली आणि पुढच्याला हाक मारली.

अल्बर्ट : झोप लागते आता?

बाथशेवा : रविवारी दहापर्यंत झोपले. दर महिन्याला किती कमावलं ते आता वेल्फेअरला कळवावं लागत नाही. सरकारी पाकीट आलं तरी छातीत धस्स होत नाही.

अल्बर्ट : एकदा ये गो शनिवारी, सगळे विचारतात. पण नको, नवी नोकरी. दिवसाचा पगार कापतील.

बाथशेवा : येत्या शनिवारची सुट्टी घेतलीय मामा. पगारी आहे. कामावर त्यांनी एवढंच विचारलं, कुठला दिवस हवाय.